सोळुंके सरांचा आभाराचा सोमवार

सोळुंके सर लिफ्टचे आभार मानायचे. मनातल्या मनात नव्हे, चांगले मोठ्याने. हैदराबादला जामबागेतल्या आमच्या ऑफिसची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचली की ते बाहेर पडायचे, मागे वळायचे आणि बंद होणाऱ्या दाराला म्हणायचे, "आभारी आहे. आज मध्ये अडकली नाहीस." एखाद्या दिवशी ती अडकलेली असायची. मग म्हणायचे, "आभारी आहे. शेवटी आणलंस." हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस आत कोणी बाई राहिली की काय म्हणून वाकून बघायचा.

लिफ्ट झाली की पाण्याचा फिल्टर, मग पंखा, मग स्टेपलर. चुकीचा नंबर लागलेल्या माणसालाही ते सोडत नसत. "बरं झालं फोन केलात, आमचा फोन चालू आहे हे कळलं," असं म्हणून त्याला गार करायचे. तारनाक्याहून ऑफिसला येताना रिक्षावाल्याने मीटर न टाकता वाटेल ते मागितलं तरी उतरताना त्याचे आभार. का, तर त्याने गचके कमी दिले. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आई म्हणते, त्यामुळे एकदा मी विचारलंच, "सर, डास चावला तर त्याचेही मानता का?"

"तसं मोघम नाही सांगता येत गायकवाड मॅडम," सर गंभीरपणे म्हणाले. "कुठला डास, कधी चावला, ते विशिष्ट बोला."

मोघम आणि विशिष्ट हे त्यांचे दोन लाडके शब्द. व्यंकटराव सोळुंके मूळचे उदगीरकडचे. आमची कंपनी बियाण्यांची. तिच्या प्रयोगशाळेत त्यांनी वीस वर्षं एकच काम केलं होतं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, आठवडाभर वाट बघायची आणि किती उगवले ते लिहायचं. "बी चांगलं आहे" असं कोणी म्हटलेलं त्यांना चालत नसे. शंभरात किती, ते सांगा. पुढे ते आमच्या मराठी टेबलाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी हाच नियम माणसांना लावला. "मला बरं वाटत नाही" म्हणून सुट्टी मागितली की ते विचारायचे, "म्हणजे नेमकं कुठं?" बायकांनी यावर काय उत्तर द्यायचं, सांगा.

मराठी टेबल म्हणजे फोनचं टेबल. नांदेड, लातूर, परभणीकडचे शेतकरी आम्हाला फोन करून विचारायचे की बी किती खोल पेरायचं, पिशवीवर लिहिलंय त्याचा अर्थ काय आणि उगवलं नाही तर शिव्या कोणाला द्यायच्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्हीच होतो. टेबलावर सरांसकट पाच माणसं. एक मी, शीला गायकवाड. वडील नांदेडहून आले आणि इथेच राहिले, म्हणून मी हैदराबादची. दुसरे जगताप, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले आणि त्यांतलं एक तरी झोपेत काढायचं ठरवलेले. तिसरी प्रणिता, पंचवीस वर्षांची. मराठी फटाफट बोलायची, पण वाचायची वेळ आली की चष्मा पुसत बसायची. चौथे कलीमभाई, जे फोनही घ्यायचे, गाडीही चालवायचे आणि आमच्यात सगळ्यांत शुद्ध मराठी बोलायचे, पण फक्त शेतकऱ्यांशी. आमच्याशी दखनी उर्दूत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका मोठ्या कंपनीने आमच्या कंपनीला गिळलं आणि पुनर्रचना सुरू झाली. दोन पोरगेलेसे सल्लागार लॅपटॉप घेऊन आले आणि प्रत्येकाच्या फोनवर दिवसाला किती कॉल येतात ते मोजायला लागले. महिन्याभराने त्यांनी सांगितलं की मराठी टेबलाला चार माणसं पुरेत. पाचवी जागा कोणती ते प्रमुखांनी तीन महिन्यांत कारणांसह लिहून कळवावं. म्हणजे आमच्यातल्या एकाचा निकाल सोळुंके सरांच्या हातात गेला. माझ्या घरी मी आणि आजारी आई, आणि पगार एकच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गंमत अशी की ज्यांनी माणूस कमी करायला सांगितलं, त्यांनीच सगळ्या प्रमुखांना एका हॉटेलात दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, कर्मचाऱ्यांमधले बंध घट्ट कसे करावेत. एका हाताने फांदी तोडायची आणि दुसऱ्या हाताने झाडाला पाणी घालायचं. बाकीचे प्रमुख तिथलं जेवण जेवून परत आले. आमचे सर तिथून कृतज्ञता-वर्तुळ घेऊन आले.

दर सोमवारी साडेनऊला खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि पाचजणांनी गोल उभं राहायचं. ज्याची पाळी त्याने समोरच्या एकाच्या डोळ्यांत बघून, गेल्या आठवड्यात त्याने केलेल्या एखाद्या विशिष्ट गोष्टीबद्दल त्याचे आभार मानायचे. ज्याचे आभार मानले त्याने फक्त "स्वीकारलं" एवढंच म्हणायचं. बाकी एक अक्षर नाही.

ही अट जीवघेणी होती. मराठी माणसाचे कोणी आभार मानले की त्याच्या तोंडून "अहो, त्यात काय एवढं" हे शिंकेसारखं बाहेर पडतं. पहिल्या सोमवारी जगतापांनी ते चार वेळा म्हटलं आणि चारही वेळा सरांनी त्यांना परत उभं केलं. पाचव्यांदा जगताप "स्वीकारलं" म्हणाले खरे, पण लगेच पुटपुटले, "तसं काही विशेष नव्हतं." सरांनी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. प्रणिताने मध्येच तेलुगू घालत हळूच विचारलं, "सर, विशिष्ट अंटे काय?" त्याचं उत्तर वीस मिनिटं चाललं. तोवर सगळे फोन वाजून वाजून गप्प झाले.

शिवाय आपल्यात आभार मानायची एक वेळ असते. घरच्या माणसाचे आभार मानले तर तो विचारतो, का रे बाबा, मी परका झालो का? आणि कार्यक्रमात आभारप्रदर्शनाला कोणी उभं राहिलं की लोक पायाने चपला चाचपायला लागतात, कारण आता संपलं. एखाद्याचं नाव घेऊन, उभं राहून, त्याच्या कामाबद्दल आभार, हे तर आपण फक्त निरोप समारंभातच ऐकलेलं असतं. सरांच्या हे ध्यानातच आलं नाही.

आमच्या मात्र आलं, आणि आलं ते नरसिंहरावांमुळे. हे शेजारच्या तेलुगू टेबलावरचे. पहिल्या सोमवारी ते साखर मागायला आमच्याकडे आले आणि सापडले. सरांनी त्यांना वर्तुळात ओढलं आणि आमचा पंखा दुरुस्त करून दिल्याबद्दल त्यांचे भरभरून आभार मानले. शुक्रवारी नरसिंहरावांची दिलसुखनगरच्या गोदामात बदली झाली. त्याचा आणि पंख्याचा काही संबंध नव्हता, बदली आधीपासूनच ठरलेली होती. पण हे कोण ऐकणार? ज्याचे आभार मानले तो गेला, एवढंच ऑफिसला दिसलं.

दुसऱ्या सोमवारी वर्तुळात उभे राहिलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरलेले. कलीमभाईंनी मला आधीच जिन्यात गाठून सांगितलं होतं, "मॅडम, हाथ जोडतूं, मेरा शुक्रिया नक्को करो. घर में तीन बच्चियां हैं."

"मग कोणाचं करू?"

"किसी का भी करो. जगताप साहब का करो. उनो वैसे भी सोतेच रहते."

मी जगतापांचे आभार मानले. मला त्याची मुळीच लाज वाटली नाही, हेही सांगून टाकते. म्हटलं, "जगताप फोनवर इतकं मोठ्याने बोलतात, की संपूर्ण मजल्याला तुरीवरच्या किडीची माहिती झाली. मी त्यांची आभारी आहे." जगतापांचा चेहरा पांढरा पडला. ते कसंबसं "स्वीकारलं" म्हणाले आणि त्यांची पाळी आल्यावर त्यांनी मला धरलं. "गायकवाड मॅडम शेतकऱ्याला इतकं फाडकन बोलतात, की तो पुन्हा फोन करत नाही. ऑफिसचा वेळ वाचतो. आभारी आहे."

तिथून युद्धच पेटलं. दर सोमवारी आम्ही एकमेकांचे आभार असे मानायचो, जसे भाऊबंद शेतातले दगड एकमेकांच्या बांधात टाकतात. प्रणिता चिठ्ठ्या टाकून नाव काढायची, म्हणजे तिच्याकडे दोष नको. एकदा तिची चिठ्ठी कलीमभाईंची निघाली तेव्हा ते बिचारे वर्तुळातून पाणी प्यायला म्हणून जे गेले, ते साडेअकराला आले. प्रणिताने रिकाम्या जागेकडे बघून त्यांचे आभार मानले. गाडी उन्हात तापू नये म्हणून ते ती आधीच सावलीत नेऊन ठेवतात, याबद्दल.

सर मात्र खूश. आमच्या तोंडून इतके नेमके तपशील यायला लागले होते, की त्यांना वाटलं प्रशिक्षण फळाला आलं. एक लांबट वही हातात धरून ते प्रत्येक शब्द लिहून घ्यायचे. "जरा हळू, जगताप. 'वेळ वाचतो' इथपर्यंत आलं."  त्या वहीतूनच ते जाणाऱ्याचं नाव काढणार, याबद्दल कोणाला शंका नव्हती.

सगळं संपलं की ते वही मिटायचे आणि आमच्याकडे बघून म्हणायचे, "अजून कोणाचं काही?" आम्ही घड्याळाकडे बघायचो. मग ते "बरं" म्हणायचे आणि खुर्च्या स्वतःच जागेवर ओढायला लागायचे. सरांचे आभार कोणीच कधी मानले नाहीत. आमची कुटाळकी चालायची ती एकमेकांत. साहेबाबद्दल चांगलं बोललं तर बाकीचे तिघं वर्षभर चमचा म्हणतील, आणि वाईट हेतूने बोलून उपयोग नव्हता, कारण सर सुरक्षित होते. नाव कळवणारा माणूस स्वतःचंच नाव कळवतो होय?

असे अकरा सोमवार झाले. बाराव्या आठवड्यात शुक्रवारी दुपारी एक पाकीट आलं. सर ते घेऊन उभे राहिले. जगतापांनी डोळे मिटले होते आणि यावेळी झोपेने नव्हे. सर म्हणाले, "जागा ठरली. माझी. तुमची चौघांची कायम आहे. टेबल आता गायकवाड मॅडम बघतील."

मला आधी काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. त्यानंतर आश्चर्य वाटलं, आणि वाईट सगळ्यांत शेवटी. जगतापांनी तर बाहेर जाऊन सगळ्यांसाठी उस्मानिया बिस्किटं आणली. मग आपण हे काय केलं ते लक्षात येऊन पुडा टेबलाखाली ठेवला.

निरोप समारंभ झाला. शाल आणि नारळ झाला. भाषणांत जगताप म्हणाले, सर म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. मी म्हटलं, सरांसारखी माणसं दुर्मीळ. कलीमभाई म्हणाले, सर म्हणजे देवमाणूस, आणि ते मराठीत म्हणाले, म्हणजे त्यांना खरंच भरून आलं असावं. प्रणिताला रडू आल्यामुळे तिचं भाषण झालंच नाही. सर खाली मान घालून ऐकत होते आणि प्रत्येकाच्या शेवटी "स्वीकारलं" म्हणत होते. इतकं मोघम त्यांनी आयुष्यात कधी ऐकून घेतलं नसेल. त्या दिवशी त्यांनी कोणालाही टोकलं नाही.

टेबलाचा कारभार माझ्याकडे आला तशी कपाटातली फाईलही आली. वर पाठवलेला अहवाल इंग्रजीत होता, पण त्याखाली सरांनी गोल अक्षरात आधी मराठीत केलेला कच्चा मसुदा होता. मी तो उभ्या उभ्या वाचायला घेतला आणि मग खुर्चीत बसले.

त्यात आम्हा चौघांचं एकेक पान होतं. प्रत्येकाच्या नावाखाली, हा माणूस का लागतो याची कारणं, तारीखवार. जगतापांच्या पानावर लिहिलं होतं, "यांचा आवाज खणखणीत असल्याने ऐकू कमी येणाऱ्या वयस्कर शेतकऱ्यांचे फोन यांच्याकडेच द्यावे लागतात. आवाजाबाबत गायकवाड मॅडम यांचे निवेदन." माझ्या पानावर, "थोडक्यात व स्पष्ट बोलतात. शेतकऱ्याला त्याच शंकेसाठी दुसऱ्यांदा फोन करावा लागत नाही. जगताप यांचे निवेदन." कलीमभाईंची सावलीतली गाडीसुद्धा होती, कारण तिच्यातून बियाण्यांचे नमुने जायचे आणि नमुना तापला तर उगवण बिघडते. आम्ही अकरा सोमवार एकमेकांवर जी दगडफेक केली, तिचा एकेक दगड उचलून, पुसून, सरांनी त्याचं कुंपण घातलं होतं. ज्याला सगळ्यांत जास्त दगड पडले, त्याचं कुंपण सगळ्यांत उंच. जगतापांची नोकरी मी वाचवली होती.

पाचवं पान अर्धंच भरलेलं होतं. "व्यंकटराव सोळुंके. अकरा सोमवारांत यांच्याबाबत कोणाचेही निवेदन नाही. सबब ही जागा कमी केल्यास कामात अडचण येईल, असे म्हणण्यास आधार सापडत नाही."

आता हा माणूस भाबडा, हट्टी, नियमाला चिकटून स्वतःचा गळा कापून घेणारा मूर्ख होता, की त्याने सगळं समजून उमजून केलं, हे मला अजून ठरवता येत नाही. पण आधार सापडत नाही हे खोटं होतं. आधार माझ्याकडे होता.

त्याच तीन महिन्यांत माझ्या आईचं ऑपरेशन झालं. मी दोन दिवसांची सुट्टी घेतली आणि नऊ दिवस लागले. प्रत्येकाचे कॉल मोजले जात होते. माझ्या फोनचे नऊ दिवस कोरे दिसले असते तर पाचवी जागा कोणती हे सल्लागारांनीच सांगून टाकलं असतं. मी परत आले, बघितलं, तर माझा आकडा नेहमीपेक्षा जास्त. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुढच्या आठवड्यात मुखेडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "बाई, गायकवाड साहेबांला द्या की."

"मीच गायकवाड."

"न्हाई ओ, बाप्या होता. खोकायचा मधी मधी. लई बारीक समजावून सांगायचा. अन् फोन केला म्हणून आपलेच आभार मानायचा."

नऊ दिवस आपलं काम सांभाळून, बाकीचे जेवायला किंवा घरी गेल्यावर सर माझ्या खुर्चीत बसले होते आणि माझ्या फोनवर माझ्या नावाने बोलले होते. मला ते कळलं. त्यानंतरचे चार सोमवार मी वर्तुळात त्यांच्यासमोर उभी राहिले, "अजून कोणाचं काही?" हे चार वेळा ऐकलं, आणि जगताप मला सरांची लाडकी म्हणतील म्हणून चारही वेळा घड्याळाकडे बघितलं. मला माझी इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी मी तारनाक्याला त्यांच्या घरी गेले. सर बनियनवर बसून कोथिंबीर निवडत होते. मला बघून शर्ट घालायला आत पळाले आणि बाहेर आले ते उलट्या गुंड्या लावून. चहा आला. टेबलाचं कसं चाललंय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग मी उभी राहिले. उभं न राहता मला ते जमलं नसतं.

"सर, आईच्या ऑपरेशनच्या वेळी नऊ दिवस तुम्ही माझ्या खुर्चीत बसून माझे फोन घेतलेत. माझी नोकरी त्यामुळे राहिली. मला हे माहीत होतं आणि मी बोलले नाही. मी तुमची आभारी आहे."

 सर स्वीकारलं म्हणाले नाहीत. अहो त्यात काय, तेही नाही. त्यांनी हातातली कप-बशी खाली ठेवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"अगं, जरा इकडं ये. या काय म्हणलालेत ते ऐक."

काकू हात पुसत बाहेर आल्या. सर मला म्हणाले, "सांगा मॅडम. परत एकदा सांगा. हिलाबी ऐकू द्या."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकू ऐकत राहिल्या आणि मग सरांकडे वळल्या. "म्हणजे तवा नऊ दिवस डबा तसाच माघारी यायचा, तो यापायी? मी आपलं पोट बिघडलंय समजून ओव्याचं पाणी देत होते की."

"प्यालो ना मी ते," सर म्हणाले.  शाळेत पहिल्यांदाच नंबर आलेल्या पोरासारखे ते भिंतीला टेकून उभे होते आणि एकदा माझ्याकडे, एकदा काकूंकडे बघत होते. तिसऱ्यांदा सांगा असं ते काही म्हणाले नाहीत, पण त्यांच्या तोंडावरून मला ते कळलं, आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं.